दोन ते चारचा पहारा

रात्रीचे दोन चाळीस झाले होते. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाच्या मांडवातली एकच ट्यूब चालू होती, बाकीच्या पाखरं येतात म्हणून कुणीतरी बंद करून टाकलेल्या. माझ्या गळ्यात वीणा, डाव्या हातात चिपळ्या, उजव्या हाताचं बोट तारेवर. समोर पाटावर विठ्ठल-रखुमाईची तसबीर, तिच्यापुढे समई आणि समईशेजारी पारायणाला बसलेल्यांपैकी कुणाचा तरी विसरलेला चष्मा. साथीला दोन टाळकरी होते. त्यातला एक ‘आलोच’ म्हणून बाहेर गेला तो शेकोटीपाशीच रमला. दुसऱ्यानं खांबाला पाठ टेकली होती. त्याच्या टाळांमधलं अंतर वाढत वाढत गेलं आणि शेवटी टाळ मांडीवर जाऊन पडले. म्हणजे त्या घडीला अख्ख्या गावात देवाचं नाव चालू होतं ते फक्त माझ्या तोंडून आणि त्या तारेतून. नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला.

मी तो काढला. काढू नये हे काढतानाही कळत होतं, तरी काढला. बोट तारेवरून उठलं आणि खिशात गेलं. ऑफिसच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता. आपल्याकडे रात्र असली तरी तिकडे लख्ख दिवस, त्यामुळे तिकडच्या एकानं रंगीत फुगे पाठवले होते. एवढं बघून फोन परत ठेवला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण अंगठा आपला पुढे सरकला. कुणाच्या तरी नव्या घराची वास्तुशांत, कुठल्याशा सामन्याचा स्कोअर, आदल्या दिवशी पाहिलेलाच एक व्हिडिओ पुन्हा. तोंडानं ‘राम कृष्ण हरी’ चालू आहे अशी माझी समजूत होती. ते नेमकं कधी थांबलं, मला ठाऊक नाही.

ठाऊक झालं ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, पंचाहत्तरी ओलांडलेले. सप्ताहाचे सातही दिवस ते घरी झोपायला जात नाहीत, मांडवाच्या कडेला पोत्यावर गोधडी टाकून पडतात. ते जागे झाले. बरं, आवाजानं जागं होणं वेगळं. हे जागे झाले आवाज थांबल्यामुळे. लाइट जाऊन पंखा बंद पडला की लहान पोर कसं चुळबुळ करून उठतं, तसे. उठून बसले नाहीत, माझ्याकडे बघितलं की नाही तेही सांगता येणार नाही. आडव्याआडव्याच, झोपेनं घोगऱ्या झालेल्या आवाजात त्यांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू केलं. मी दचकलो. फोन खिशात टाकला, बोट तारेवर ठेवलं. वीणा वाजायला लागली तसा त्यांचा आवाज खाली खाली गेला आणि दोनेक मिनिटांत ते पुन्हा घोरायला लागले.

सकाळी चहाच्या वेळी ते माझ्याशी कांद्याच्या भावाबद्दल बोलले.

वीणा खाली ठेवायची नसते, हे सप्ताह होणाऱ्या कुठल्याही गावातल्या पोराला सांगावं लागत नाही. सात दिवस म्हणजे १६८ तास. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे. आमच्या गावात यावर जुना विनोद आहे की ८४ लक्ष योनींचा फेरा इथं ८४ वरच भागतो. पहारा बदलतानाची रीत मला फार आवडते. येणारा माणूस हातपाय धुऊन येतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो. विणेकरीही त्याच्या पाया पडतो, मग तो वयानं केवढाही लहान असो. मग एकाच्या गळ्यातला पट्टा दुसऱ्याच्या गळ्यात जातो. हे होताना नाव तुटू द्यायचं नाही, तारही थांबू द्यायची नाही. क्षणभर एकाच वीणेवर दोघांची बोटं असतात. लहानपणी मी हे बघायला मुद्दाम थांबायचो. रिले शर्यतीत काठी देतात-घेतात तसं काहीसं वाटायचं. पण इथं कुणी पळत नसतं, कुणाला कुठं पोचायचं नसतं.

आता ती यादी व्हॉट्सॲपवर येते. पूर्वी देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली असायची. रात्री बारा ते चारचे पहारे भरणं दरवर्षी अवघड होत चाललंय, कारण निम्मी तरणी पोरं सुप्याच्या एमआयडीसीत पाळीवर असतात आणि उरलेली माझ्यासारखी पुण्यात. मी पुण्यातून हौसेनं दोन ते चार मागून घेतलं होतं. खरं सांगायचं तर त्या हौसेत भक्ती किती होती आणि ‘मी अजून गावाचा आहे’ हे दाखवणं किती होतं, याचा हिशोब मी लावलेला नाही. ग्रुपवर माझ्या नावापुढे अकरा जणांनी अंगठे दिले होते. ते मी मोजले होते.

आजीची जपमाळ आठवते. तुळशीची, हाताळून हाताळून काळपट चमक आलेली. संध्याकाळी दिवा लागला की ती उंबऱ्यापाशी बसून हरिपाठ म्हणायची, पाठ. ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ म्हणता म्हणता ती ‘क्षणभरी’वर थांबायची आणि ‘हाट् मेली!’ म्हणून ओसरीवर चढलेली कोंबडी हाकलायची. मग पुढचा चरण. चौथ्या-पाचव्या अभंगात आईला विचारायची, भाकरी थापल्यास का. मधेच गल्लीतून जाणाऱ्याला हाक, ‘काय रं, दवाखान्यात गेला होतास, काय म्हणला डॉक्टर?’ उत्तर ऐकून घ्यायची, चुकचुकायची आणि बरोबर जिथं सोडलं होतं तिथून पुढचा शब्द उचलायची. आम्ही भावंडं तिची नक्कल करून लोळून हसायचो. कॉलेजात गेल्यावर मी तिला ऐकवलंही होतं, की आजी, तुझं अर्धं लक्ष देवात आणि अर्धं कोंबडीत. ती म्हणाली, ‘मग कोंबडीकडं कोण बघणार, तुझा देव?’ त्या वयात मला वाटलं होतं की आपण जिंकलो.

याच आजीला गोरोबाकाकांची कथा मात्र सहन व्हायची नाही. तेरचे गोरा कुंभार नामात इतके रंगले की चिखल तुडवता तुडवता पायाखाली आपलंच रांगतं मूल आल्याचं त्यांना कळलं नाही. कीर्तनात हा प्रसंग आला की मांडव हमसून रडतो. कीर्तनकारही तो खुलवून सांगतात. तल्लीनता म्हणजे काय, तर ही. आजी त्या वेळी उठायची. पदर सावरत बाहेर जायची आणि चपलांपाशी उभी राहायची. एकदा मी तिच्या मागे गेलो तर म्हणाली, ‘पाणी आणायला गेली होती ना ती बाई, पोर नवऱ्याच्या भरवशावर टाकून?’ बस्, एवढंच. पुढे देव मूल परत देतो, सगळं गोड होतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण तिचं मन त्या मधल्या भागातच अडकलेलं असायचं. आजीची पाच मुलं जगली आणि दोन गेली, याच्यापलीकडे मला त्यातलं काही माहीत नाही. ती कधी बोलली नाही. कथा संपल्याचा अंदाज घेऊन ती परत येऊन बसायची, आणि ‘पुंडलिक वरदे’ला तिचा आवाज सगळ्या बायकांत वर असायचा.

पुंडलिकाची गोष्ट तिची लाडकी. दारात साक्षात देव आला आणि हा म्हणाला, थांबा, आईबापाचे पाय चेपतोय; घ्या ही वीट, तिच्यावर उभे राहा. आजी हे असं सांगायची, जणू शेजारच्या आळीतच घडलंय. ‘देवाला उभं केलं बाबानं!’ आणि पुढे पंढरपूरची हकीकत. आषाढीच्या दिवसांत देवाचा पलंग काढतात, शेजघर बंद, देवळाची दारं रात्रंदिवस उघडी. उभं राहून देवाची पाठ अवघडते म्हणून मागे लोड देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजेला ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात आणि शीण जायला रात्री काढा पाजतात. ‘आपण कसं, पाहुणे गेल्यावर अंग टाकतो, तसं त्याचं,’ असं आजी म्हणायची. देवाला काढा देणाऱ्या या माणसांचं मला हसूही यायचं आणि आता, वयाच्या या टप्प्यावर, घशाशी काहीतरी येतंही. मी ठाम आस्तिक नाही. ठाम नास्तिकही नाही. पत्राशेडच्या रांगेत एकदा सतरा तास उभा राहिलो आहे. शेवटी पायांवर डोकं टेकलं न टेकलं तोच ‘चला माउली, चला’ म्हणून पाठीवर हात पडला. बाहेर आल्यावर देवाचा चेहरा आठवेना. हातांना लागलेला तुळशीचा ओला वास तेवढा आठवत होता.

तर आमचा सप्ताह. तो काही एकांतातली साधना नव्हे. वेशीपासूनच फ्लेक्स सुरू होतात, त्यांत संतांचे चेहरे अंगठ्याएवढे आणि सौजन्याचे चेहरे थाळ्याएवढे. कीर्तनाला तीन तीन ट्रायपॉड. गेल्या वर्षी एका महाराजांनी मोबाइलनं पिढी कशी नासवली यावर पाऊण तास घेतला. सुनेची नक्कल, कॉलेजातल्या पोरीची नक्कल, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हशा. ते सगळं समोरचे तीन मोबाइल टिपून घेत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला सुनेचा तुकडा मला पुण्याच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर येऊन पोचला. मला अशी कीर्तनं आवडत नाहीत. अभंग उघडायचा सोडून बायकांच्या नकला करणं हे आळशी कीर्तन आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हसलो मात्र मीही होतो.

याच्या उलट, आमचा मृदंग वाजवणारा पोरगा. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत तो शिकतो. विशीतला, मिसरूड फुटलेलं, डाव्या हाताची बोटं मृदंगाला लावायची कणीक वाळून कडक झालेली. सप्ताहाआधीच्या बैठकीत पहाऱ्यांना माणसं कमी पडतायत हा विषय निघाला तेव्हा यानंच फोन काढून दाखवला. त्यात तंबोऱ्याचं ॲप होतं. सूर लावा, चोवीस तास वाजत राहतं. एकानं सुचवलं, रात्री बारा ते चार हेच लावू स्पीकरला, देवापुढं आवाज चालू राहिल्याशी कारण. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, इतकं ते सोयीचं होतं. तात्या सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, ‘मशीनला झोप येती का?’

पोरगा म्हणाला, ‘नाही ना तात्या, तोच तर फायदा.’

‘मग त्याला कशाला उभं करता,’ असं म्हणून त्यांनी सुपारी तोंडात टाकली. विषय तिथंच संपला. यादीत रात्रीची नावं पडली, त्यात माझं.

त्या रात्री मांडवात पडलेल्या शांततेवरून आठवलं. पाच वर्षांपूर्वी माउलींच्या पालखीबरोबर सासवडपासून तीन दिवस चाललो होतो. जेजुरीच्या तळावर संध्याकाळची समाजआरती बघितली. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, एकाच वेळी शेकडो टाळ, कुणाचा कुणाला ताळमेळ नाही, कानठळ्या बसाव्यात असा गजर. मग चोपदार चोप उंच करतात. आणि ‘होऽऽ’ अशी आरोळी येते. एका क्षणात सगळं थांबतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता. एवढी माणसं आणि तरी लांब कुठं तरी ट्रक रिव्हर्स घेतल्याचा आवाज ऐकू येतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जाऊन तक्रार ऐकून घेतात. नंतर हरवल्या-सापडल्याच्या घोषणा. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची सासू. आणि मग आरती. मला त्यातला हरवल्या-सापडल्याचा भाग फार आवडला होता. आरतीच्या आधी, भर शांततेत, देवाच्या समोर, चष्मा कुणाचा ते विचारून घेतात.

तिथली शांतता सगळ्यांनी मिळून केलेली होती. मांडवातली माझ्या एकट्याच्या अंगठ्यानं झाली.

ती किती वेळ होती हे मी नंतर शोधून काढलं. फोनमध्ये सगळी नोंद असते. कधी उचलला, कोणतं ॲप किती वेळ बघितलं. चार मिनिटं. मला वाटलं होतं वीस सेकंद असतील. १६८ तासांमधली चार मिनिटं, त्यातली काही तरी तात्यांनी भरून काढली. गणित म्हणून बघितलं तर हे काहीच नाही. पण त्या आकड्यानं मला जितकं खाल्लंय तितकं पगाराच्या आकड्यानंही खाल्लेलं नाही.

त्या रात्रीचं पुढे असं झालं. दोन चाळीस ते चार मी खरोखर प्रयत्न केला. फोन काढून समईशेजारी त्या विसरलेल्या चष्म्याजवळ पालथा ठेवला. डोळे मिटले तर तोल जायला लागला, म्हणून उघडे ठेवले. नाव घेताना मन कुठं कुठं जातं याची मोजदाद करायची ठरवली आणि मग मोजदादीतच गुंतलो. गाडीचा हप्ता. बॉसचा एक टोमणा, त्याला तेव्हा सुचायला हवं होतं ते उत्तर. मुलीची दहावी. मधेच दोन मिनिटं, फार तर तीन, काहीतरी वेगळं झालं. तारेचा आवाज छातीच्या हाडात उतरल्यासारखा वाटला आणि मी म्हणतोय की कुणी म्हणतंय हे नीट कळेना. लगेच मनात आलं, ‘अरे, होतंय!’ आणि ते गेलं. चार वाजता पुढचा पहारेकरी आला.

हा माझ्याच वर्गातला, गावातच शेती करणारा. रात्रीच्या लाइटीवर कांद्याला पाणी देत होता, तसाच आला. पाय धुतले तरी नखांत चिखल होता. पाया पडलो, पाया पडला, पट्टा त्याच्या गळ्यात गेला. त्याचा हात बर्फासारखा गार होता. मी बाजूला सरकतोय तोवर त्याच्याही खिशात फोन वाजला. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानं फोन काढला नाही. नाव चालूच ठेवून, मान खिशाकडे वळवून, चालीतच बसवून तो मला म्हणाला, ‘राम कृष्ण हरी, लाइट आली, जय जय राम कृष्ण हरी, जाशील का.’ मोटारीच्या स्टार्टरला सिम असतं. लाइट गेली-आली की स्टार्टरच मालकाला फोन करतो. मधे लाइट गेली होती म्हणून तो येऊ शकला होता, आणि आता मोटार चालू झाली होती. पाणी सुटलं होतं आणि दारं धरायला रानात कुणीच नव्हतं.

गेलो. बॅटरी त्याची घेतली, गमबूट त्याचे घातले. माझा फोन समईपाशीच राहिला हे मला निम्म्या वाटेत आठवलं, पण परत फिरायला वेळ नव्हता, पाणी चाललं होतं. माघातली थंडी, कांद्याच्या पातीवर दव, त्या पातीचा तो उग्र हिरवा वास. उसाच्या कडेनं जाताना बिबट्याचं भय होतंच. म्हणून मोठ्यानं खोकत गेलो. पाटाला पाणी आलं होतं. एक वाफा भरत आला की खोऱ्यानं त्याचं दारं बांधायचं, पुढचं मोडायचं. वीस वर्षांनी खोरं धरलं होतं, पहिली दोन दारं फुटली. मग हाताला आठवलं. बॅटरीच्या उजेडात पाण्याची पुढची कड दिसायची. फेसाची एक बारीक रेघ, तिच्यापुढे वाळक्या काड्या, एखादा घाबरलेला किडा. ती रेघ वाफ्याच्या टोकाला पोचते का ते बघत राहायचं. घाई केली तर टोक कोरडं राहतं, रेंगाळलात तर बांध फुटतो. किती वाफे झाले मोजले नाहीत. गावाकडून काकड्याचे टाळ ऐकू यायला लागले तेव्हा कळलं की पाच वाजून गेले. भोंगे बंद होते, नुसते टाळ, थंडीतून आलेले, घासून धुतल्यासारखे. मी खोऱ्यावर हात ठेवून उभा होतो. गमबुटात पाणी शिरलं होतं. मागच्या तासाभरात मला काय आठवलं, कुणाची चिंता वाटली, हे मी आठवून बघितलं. काहीच हाती लागलं नाही. हप्ता नाही, बॉस नाही. नाव घेतलं होतं का? तेही नाही, बहुतेक.

याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. देवापुढे उभा होतो तेव्हा मन बाजारात आणि चिखलात उभा राहिलो तर मन तिथंच. आमच्या महाराजांना विचारलं असतं तर त्यांनी सावता माळ्याचा दाखला देऊन मला मोकळं केलं असतं. कांदा-मुळा-भाजीत विठाई बघणाऱ्या माणसाचा दाखला फार सोपा आहे, आणि मी सावता माळी नाही. मी एक तास दुसऱ्याच्या रानात हौसेनं पाणी धरलं, बस्. रोज रात्री थंडीत ज्याला धरावं लागतं त्याला विचारा, तो लाइटीच्या वेळापत्रकाला शिव्या घालतो.

काल्याच्या आदल्या दिवशी आमटीसाठी लसूण सोलायला बसलो होतो. आठ-दहा जण, मधे लसणाचा ढीग, सगळ्यांच्या गुडघ्यांवर पाकळ्यांची टरफलं. शेजारी तात्या. धीर करून म्हटलं, ‘तात्या, परवा रात्री माझ्याकडनं वीणा थांबली होती. तुम्ही नाव धरलंत.’

‘मी?’ ते म्हणाले. ‘मला न्हाई ठावं. मी तर निजलो व्हतो.’

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. थट्टा करत नव्हते. मला सांभाळून घेण्यासाठी खोटं बोलत असतील, अशीही शंका आली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. लसूण सोलता सोलता मग स्वतःहूनच ते बाहत्तरच्या दुष्काळावर गेले. १९७२ सालीही सप्ताह चुकला नव्हता. पंगती नव्हत्या, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी होती आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी. दिवसभर खडी फोडायची आणि रात्री पहारा. ‘हातात ही एवढाली फोडं. ईणा धरली की फोड ठसठसायचे. लोक म्हनायचे काय पोरगं रंगलंय, डोळ्यातनं पानी काढतंय. आन् मी आपला फोडांनी रडतुया.’ सगळे हसले. तात्याही हसले. मग जरा थांबून म्हणाले, ‘बैल इकला व्हता त्या साली. तिकडंच ध्यान असायचं. सात रोजांत देव आठवला आसंल तर शपथ.’

‘मग उभे का राहायचात?’

‘नंबर असायचा ना माझा,’ तात्या म्हणाले, आणि माझ्यापुढचा लसूण आपल्याकडे ओढला, कारण मी जाड सोलत होतो.

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण घरी येऊन पडलो तेव्हा दुसरंच डोक्यात आलं. तात्यांचं मन वीणेवरून गेलं ते विकलेल्या बैलाकडे, हातावरच्या फोडांकडे गेलं. आजीचं गेलं ते कोंबडीकडे आणि दवाखान्यातून आलेल्या शेजाऱ्याकडे. वर्गमित्राचं गेलं ते त्याच्या स्वतःच्या पाण्याकडे. माझं जिकडे गेलं तिथं माझं काहीच नव्हतं. ज्याचा वाढदिवस होता त्याला मी आजवर भेटलेलोही नाही. आजीला जे मी तोऱ्यात ऐकवलं होतं ते तिला आता परत विचारायचं आहे, फक्त ती नाही.

पुण्याला परतल्यावर मी काही दिवस फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायचा नेम केला. तो तीन आठवडे टिकला. मग मुलीची परीक्षा आली, पहाटेचा गजर लावायचा होता, फोन उशाशी आला तो आला. हरिपाठ म्हणायचंही ठरवलं होतं. गाडीत सिग्नलला थांबल्यावर पहिले दोन अभंग होतात, तिसऱ्याला सिग्नल सुटतो.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर यंदाची यादी आली. दोन ते चारपुढे माझं नाव, मी न मागता. तात्यांचं नाव यंदा कुठल्याच पहाऱ्यापुढे नाही. गुडघ्यांनी दगा दिलाय, दोन तास उभं राहवत नाही त्यांच्यानं. मी यादीखाली काहीच लिहिलं नाही. रात्री त्यांच्या नातवाचा व्हॉइस मेसेज आला. सुरुवातीला नुसतं शेळीचं ओरडणं आणि ‘बोला बोला, सुरू झालंय’, मग तात्यांचा आवाज, फोन ऐकू येत नसेल या समजुतीनं खूप मोठ्यानं काढलेला. ‘आरं, यादी वाचून दावली मला पोरानं. मी मांडवातच निजनार हाये. यंदा थंडी लई हाये, येताना एक गोधडी जास्तीची आन.’